झोपेची राखण

रात्रीचे साडेआठ. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा पाचवा मजला. दिवसभर गजबजलेली ओपीडी बंद झाली आहे, लादी पुसून झाली आहे, लिफ्टमधून आता फक्त जेवणाचे डबे वर येताहेत. कॉरिडॉरच्या टोकाला स्लीप लॅबच्या दोन खोल्या आहेत. खोलीत पलंग, जाड पडदे, एसी, छताच्या कोपऱ्यात अंधारातही टिपू शकणारा कॅमेरा. घड्याळ नाही, कारण किती वाजले हे कळलं की झोप न लागणाऱ्याची झोप आणखी लांबते. दोन खोल्यांच्या मधोमध आमची कंट्रोल रूम : दोन संगणक, इंटरकॉम, एक फिरती खुर्ची ताईंची आणि एक प्लास्टिकची माझी. मी इथे स्लीप टेक्निशियनचं काम शिकते आहे. ताई पूर्वी मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या ईईजी विभागात होत्या, आता इथल्या रात्री त्यांच्या हाताखालून जातात.

पहिल्या खोलीत काका बसले आहेत. वय बावन्न. चाकणच्या कारखान्यांतल्या कामगारांना ने-आण करणारी बस चालवतात. मान आखूड आणि जाड, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. सोबत काकू, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"घे, मोज," ताई टेप माझ्या हातात देतात.

नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये जी खोबण असते तिथून सुरुवात. टेप कपाळावरून, टाळूवरून मागे, डोक्याच्या पाठीमागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत. ३६ सेंटिमीटर. मी कागदावर मांडते : दहा टक्के ३.६, वीस टक्के ७.२. मॉन्ट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली ही 'टेन-ट्वेंटी' पद्धत. डोकं लहान असो की मोठं, अंतर टक्क्यांत मोजलं की इलेक्ट्रोड मेंदूच्या त्याच भागावर बसतो. मी लाल पेन्सिलीने खुणा करायला जाते आणि पेन्सिल घसरते. केस तेलाने निथळताहेत.

"मीच लावलं हो," काकू म्हणतात. "नव्या जागी झोप कुठं लागते? म्हटलं, खोबरेल थापलं तर डोकं शांत राहील."

तेल लावू नका, शॅम्पू करून या, दुपारनंतर चहा-कॉफी नको, हे सगळं लिहिलेला कागद काकूंच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला आहे. ताई काही बोलत नाहीत. स्पिरिटचा गॉझ घेतात आणि एकेका खुणेभोवतीचे केस विंचरून मोकळे करतात. मग खरखरीत जेलने त्वचा हलकेच घासायची, वाटीसारख्या इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट भरायची, तो खुणेवर दाबायचा, वर गॉझचा चौकोन. पडद्यावर इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पाच किलोओमच्या खाली आला की पुढचा. जोर जास्त लावला तर त्वचा सोलते, कमी लावला तर तेलाखालून विजेची लहर यंत्रापर्यंत नीट पोचतच नाही. हा जोर किती, ते पुस्तकात नाही. ताई माझ्या बोटांवर त्यांची बोटं ठेवून तो दाखवतात.

पेस्ट बसेपर्यंत फॉर्म भरायचा आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली आठ प्रश्नांची यादी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप गरजेपेक्षा जास्त समजायची.

"टीव्ही बघताना डुलकी लागते?"

"थोडीशी."

"थिएटरमध्ये किंवा सभेत बसलं असताना?"

"थेटरात कोण जातं आता?"

"गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये थांबली असताना?"

काका माझ्याकडे न बघता म्हणतात, "शून्य लिहा."

"खोटं बोलू नका," काकू तिथल्या तिथे म्हणतात. "मागच्या महिन्यात नाशिक फाट्याला मागच्यांनी हॉर्न मारून उठवलं म्हणून तुम्हीच सांगितलंत."

काका गप्प. मी पेन उचलून ताईंकडे बघते. ताई हळूच म्हणतात, "काका, हा फॉर्म तुमच्या कंपनीला जात नाही. डॉक्टरांना जातो." बऱ्याच वेळाने काका दोन बोटं वर करतात. मी दोन लिहिते.

दुसऱ्या खोलीत निवृत्त शिक्षक आहेत. सगळेजण त्यांना गुरुजीच म्हणतात, म्हणून आम्हीही. झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. एका रात्री हात पत्नीच्या तोंडावर बसला, तेव्हापासून त्या घरी वेगळ्या खोलीत झोपतात. गुरुजींना वायरींची भीती नाही, त्यांना प्रत्येक वायरीचं काम समजून घ्यायचं आहे.

"डोळ्यांना कशाला? डोळे तर मिटलेले."

"डोळा ही छोटी बॅटरीच असते गुरुजी. बुबुळाची बाजू धन, आतल्या पडद्याची ऋण. पापणीखाली डोळा हलला की आम्हाला रेघ हललेली दिसते."

"आणि हनुवटीला?"

"स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगातले स्नायू ढिले सोडतो. हनुवटीची रेघ तेव्हा जवळजवळ सपाट होते."

"कोणी शोधलं?"

स्वप्नाची झोप शिकागोत सापडली, मी सांगते. युजीन ॲसेरिन्स्की आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या हालचाली रात्रभर कागदावर उतरवत होते. झोपलेल्या मुलाचे डोळे मध्येच जोरात फिरायला लागले. १९५३ मध्ये त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ते प्रसिद्ध केलं. गुरुजी समाधानाने मान हलवतात आणि नेमकी एक वायर सुटते. ताई हसून ती पुन्हा लावतात.

पायाच्या नडगीला, छातीला, बोटाला, नाकाखाली असं करत वीस-बावीस वायरी होतात. छातीला एक पट्टा, पोटाला एक. सगळ्या वायरींची वेणी घालून ती डोक्यामागच्या खोक्यात.

मग इंटरकॉमवरून तपासणी. "काका, डोळे उघडे ठेवून समोर बघा... आता मिटा." डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागाच्या रेघांवर बारीक, एकसारखी लय उमटते. सेकंदाला आठ ते तेरा लाटा, अल्फा. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूची विद्युतनोंद जगापुढे ठेवली, तेव्हा त्यांनाही सर्वांत आधी हीच लय दिसली होती. "डोकं न हलवता डावीकडे बघा. उजवीकडे. दात आवळा. डावं पाऊल वर. आता घोरल्यासारखा आवाज काढा."

इंटरकॉमवर शांतता. मग काकांचा आवाज : "ते मला येत नाही. मी घोरत नाही."

काकू बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून हसताहेत.

दहा चाळीसला दिवे बंद. मी वेळ नोंदवते.

पडद्यावर एका पानात तीस सेकंद मावतात. पूर्वी कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायचा आणि पान तीस सेंटिमीटरचं असायचं. कागद गेला, तरी झोपेचं माप तेच राहिलं. काकांची अल्फा विरघळते, डोळे संथ डोलतात. झोपेची पहिली पायरी. थोड्याच पानांनंतर मेंदूच्या रेघेवर अर्ध्या-एक सेकंदाची दाट गुंडी दिसते, तिला स्पिंडल म्हणतात. दुसरी पायरी.

आणि श्वासाची रेघ सपाट होते.

छातीचा पट्टा हलतोय, पोटाचा हलतोय, पण उलट दिशांनी. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. हवा ओढायची धडपड चालू आहे, हवा आत जात नाही. दहा सेकंद. वीस. भिजलेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की आतून चिकटते, तसा घसा चिकटला आहे. तीस. माझा हात इंटरकॉमकडे जातो.

ताईंचा तळवा माझ्या मनगटावर. "बस."

अडतिसाव्या सेकंदाला मेंदूची रेघ विस्कटते, काका अंगभर हादरतात, भिंतीपलीकडून घशातला मोठा आवाज आमच्यापर्यंत पोचतो. श्वास सुरू. आणि आत्ता कुठे ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागतो : ९०, ८६, ८१. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आकडा नेहमी मागून येतो. काका जागे झालेत का? नाहीत. तीन सेकंदांचं जागेपण, त्यांना ते सकाळी आठवणार नाही. पुन्हा झोप, पुन्हा सपाट रेघ.

"श्वास थांबतो हे लिहायलाच आपण इथं बसलोय," ताई म्हणतात. "तू आत गेलीस तर ते जागे होतील आणि डॉक्टरांच्या हातात जागेपणाचा रिपोर्ट जाईल. हे काम म्हणजे वायरी लावणं नाही गं. ते महिन्याभरात कोणीही शिकतं. खुर्चीतून उठायचं कधी आणि बसून राहायचं कधी, ते शिकायला वेळ लागतो."

उठायचं कधी, याचा एक कागद भिंतीवर आहे. ऑक्सिजन किती खाली, किती वेळ राहिला तर ड्यूटी डॉक्टरांना फोन, हृदयाचे ठोके कसे बिघडले तर क्षणाचाही विलंब नको. बाकी सगळं कागदाबाहेरचं आहे. साडेअकराला गुरुजींच्या पायाची एक वायर सुटते. ताई उठत नाहीत, दुसऱ्या पायावर काम भागतंय. बाराच्या सुमारास काकांच्या नाकाखालची नळी गालावर सरकते. ताई लगेच उठतात, कारण श्वासाची रेघ गेली तर रात्रच फुकट. अंधारात चप्पल न वाजवता जातात, कुशीवरून वळताना काका थोडे जागे असतील तेवढ्यात नळी बसवून येतात. गुरुजी लघवीला जायचं म्हणून बेल वाजवतात. इथे विचार करायचाच नसतो, मी धावते. खोकं सोडवून त्यांच्या गळ्यात अडकवते, दारापर्यंत सोबत जाते, परत जोडते.

एक वाजता ताई मोजतात. दोन तासांहून जास्त झोप नोंदली गेली आहे. श्वास थांबण्याचे किंवा मंदावण्याचे प्रसंग तासाला साठच्या वर. पाचच्या खाली असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. तासाला चाळीसच्या वर असेल आणि रात्रीचे किमान तीन तास शिल्लक असतील, तर उरलेल्या रात्रीत हवेच्या दाबाचं यंत्र लावून बघता येतं. डॉक्टरांची तशी सूचना फाइलवर आहे.

"आता ऊठ," ताई म्हणतात.

मास्क संध्याकाळीच नाकावर बसवून बघितला होता. काका अर्धवट झोपेत, "बस निघाली का?" असं काहीतरी पुटपुटतात. मी पट्टे आवळते, गालाशी हवा गळत नाही ना ते हात लावून बघते. यंत्र चालू : पाण्याच्या चार सेंटिमीटरइतका दाब. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे ठेवला. हवेच्या दाबाने घसा आतून उघडा ठेवायचा, औषध नाही, सुरी नाही. सुरुवातीचा पंखा व्हॅक्यूम क्लीनरचा होता.

बसून राहणं आता आणखी अवघड. दाब एका वेळी एकाच सेंटिमीटरने वाढवायचा आणि मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची. पाच. सहा. सात. घाई केली तर हवेच्या झोताने माणूस जागा होतो, मास्क काढून फेकतो आणि पुन्हा लावू देत नाही. नऊवर श्वास थांबणं संपतं, घोरणं राहतं. अकरावर घोरणंही जातं. मेंदूच्या रेघेवर मोठ्या, संथ लाटा येतात, गाढ झोपेच्या. रात्रीत पहिल्यांदाच.

"झालं?" मी विचारते.

"कुशीवर आहेत. उताणे होऊन स्वप्नाच्या झोपेत जाऊ देत, मग बोल."

घसा सर्वांत ढिला तेव्हाच असतो. त्यामुळे आम्ही एका माणसाने उताणं व्हावं म्हणून वाट बघत बसतो. ताई थर्मासमधला चहा ओततात. बाहेर काकू जाग्याच आहेत, त्यांनाही एक कप. "बप्पी लाहिरींना हेच होतं ना?" त्या विचारतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पीदा मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, हेच सांगितलं होतं. पण हे काही सोन्याच्या साखळ्या घालणाऱ्यांचंच दुखणं नाही. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची तपासणी केली होती, २००४ साली ती प्रसिद्ध झाली. १९.५ टक्क्यांमध्ये झोपेत श्वासाचा अडथळा सापडला आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसाची झोपही.

एवढे रुग्ण, आणि त्यांच्या उशाशी जागणारी माणसं मात्र बहुतेक आमच्यासारखीच, दुसऱ्या खात्यातून आलेली. कोणी ईईजीतून, कोणी श्वसनविभागातून, ताईंसारख्या कोणाच्या तरी शेजारी बसून शिकलेली. आरपीएसजीटी ही अमेरिकी परीक्षा देता येते, ताईंनी तिची पुस्तकं मला दिली आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांची जी यादी केली, तिच्यात स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आलं. नाव यादीत आलं, हेही आमच्यासाठी थोडं नाही.

तीन वीसला काका उताणे होतात. डोळ्यांच्या रेघा झरझर फिरतात, हनुवटी सपाट. अकराचा दाब अपुरा पडतो, श्वास पुन्हा अडकतो. बारा. वाट. तेरा. वाट. ऑक्सिजनचा आकडा ९५ वर थांबतो आणि तिथेच राहतो.

चार पस्तीसला दुसऱ्या पडद्यावर गुरुजी स्वप्नाच्या झोपेत आहेत. डोळे फिरताहेत, पण हनुवटीची रेघ सपाट नाही, ती दाट आणि काळी आहे. मेंदू स्वप्न बघतोय आणि शरीराला मोकळं सोडलंय. "सोड! सोड म्हणतो ना!" गुरुजींची मूठ हवेत फिरते, पाय पलंगाच्या कठड्याच्या गादीवर आपटतो. मिनेसोटातल्या शेंक आणि महोवाल्ड यांनी १९८६ साली वर्णन केलेला विकार तो हाच.

ताई उठतात. आत जात नाहीत, दारात उभ्या राहतात. कठडे वर आहेत, आसपास टोकदार काही नाही, व्हिडिओ चालू आहे. पलंगावरून उतरले तरच पुढे व्हायचं, हात न लावता दुरून नावाने हाक मारायची. अशा वेळी अंगाला हात लावला तर स्वप्नातला शत्रू आपणच होतो. उठणं आणि बसणं यांच्यामध्ये ही तिसरी जागा आहे, हे मला आजच कळतं. मिनिटभराने गुरुजी शांत होतात. ताई वेळ सांगतात, मी लिहिते.

सहाला दिवे. पेस्ट कोमट पाण्याने सुटते, केसांत थोडी राहतेच. गुरुजींचा मुलगा विचारतो, "काही गंभीर?" हा विकार असलेल्या पुष्कळ जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा आजार होतो, हे मी वाचलेलं आहे. "डॉक्टर सगळं नीट सांगतील," मी म्हणते. इथे गप्प राहणं हाही कामाचाच भाग आहे.

काका पलंगावर बसून भिंतीकडे बघताहेत. "किती वर्षांनी डोकं हलकं वाटतंय," ते म्हणतात. मग लगेच : "काय निघालं? दुपारची ड्यूटी आहे माझी."

"रिपोर्ट डॉक्टर देतील," ताई म्हणतात. "दहाला येतात. त्यांना भेटल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"अहो, पण..."

"मी बसलेय ना इथं," काकू म्हणतात, आणि बसच्या किल्ल्या पिशवीत टाकतात.

आता स्कोअरिंग. काकांच्या रात्रीची ८८० पानं आहेत. सॉफ्टवेअर काही क्षणांत ती वाचून पायऱ्या लावून देतं. ताई तो रकाना झाकतात आणि मला एकेक पान स्वतः वाचायला लावतात. जागेपण आणि पहिली पायरी यांच्या सीमेवर आमचं हमखास जुळत नाही. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासातही अनुभवी स्कोअररमध्ये एकूण सहमती ८३ टक्क्यांच्या आसपास होती, पहिल्या पायरीवर जेमतेम ६३. माणसं भांडतात ती त्याच पानांवर, आणि सॉफ्टवेअरवरही तिथेच डोळे झाकून विसंबता येत नाही. घरी नेऊन लावायची छोटी उपकरणंही आता मिळतात आणि सरळसाध्या रुग्णाला ती पुरतात. पण त्यांतली बहुतेक मेंदूच्या लहरी टिपत नाहीत, आणि नळी गालावर सरकली तर ती सरळ करायला कोणी नसतं.

काका काल रात्री "मी घोरत नाही" म्हणाले, तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही आणि थांबलेला श्वास तर नाहीच. ते बाजूला झोपणाऱ्याला कळतं. म्हणून घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच आवाज बंद पडून दचकून श्वास घेत असेल, दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर घोरण्याला गाढ झोप समजू नका. श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबतो का ते बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि डॉक्टरांकडे त्या माणसाला एकट्याला पाठवू नका, सोबत जा. प्रश्नांची खरी उत्तरं तुमच्याकडे आहेत.